हुमाचा अंतराळ-पोशाख मी शिवला

मित्रांनो, अमिनाबीचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती माझ्याकडे बोट दाखवते. परवा वच्छलाबाई ब्लाउज शिवायला टाकायला आल्या, तर ही त्यांच्याच अहिराणी बोलीत त्यांना म्हणाली, "मशीन म्हतारी व्हई गयी, अक्का. बठ्ठा दोष तिनाच शे." आणि सगळा दोष माझ्यावर ढकलून, वर जुनी चादर टाकून मोकळी झाली.

मी धुळ्यातल्या तिच्या घरची पायाची शिलाई मशीन. अंगावरची सोनेरी नक्षी घासून गेली आहे. चाळीस वर्षं या घराची चूल माझ्या चाकावर पेटली. माझा टाका उसवला असं कुणी दाखवून द्यावं. म्हातारी म्हणे. तिचे गुडघे माझ्या पायडलपेक्षा जास्त करकरतात, ते मी कधी गिऱ्हाइकाला सांगितलं का?

पण आज खरं सांगायचं आहे, आणि सांगताना माझी मान खाली आहे.

तिची नात हुमा सातवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला अंतराळवीर होऊन उभं राहायचं होतं. "रेनकोट शिवले, बुरखे शिवले, हे काय अवघड?" असं म्हणत अमिनाबीने रेनकोटचंच जाड कापड आणलं. मी दुहेरी शिलाई मारली. सुईच्या भोकांवर पंक्चरचं सोल्युशन फासलं. मग शेजारचा कादर पंक्चरवाला आला. त्याने पोशाखाची तोंडं आवळून बांधली, पंपाने हवा भरली आणि सायकलची ट्यूब बुडवतात तसा तो टपात बुडवला. एक बुडबुडा आला नाही.

"चाची, हा चंद्रावर चालतो," कादर म्हणाला.

अमिनाबी फुगली. मीही फुगले.

"दादी, एकदा घालून बघू?" हुमाने विचारलं.

"मळवशील. उद्या शाळेतच घाल."

प्रदर्शन पत्र्याच्या शेडमध्ये होतं, भर दुपारी. तोंडासमोर श्वासाला भोकं होती, हवा कमी पडली नाही. पण अंगाची ऊब बाहेर पडेना. पाऊण तासात हुमा कोसळली. पाठीमागची चेन अडकली. वर्गशिक्षिका कोकिळाबाईंनी कात्री लावली, तर माझी दुहेरी शिलाई सुटेना; शेवटी कापडच कापून तिला बाहेर काढलं. जिचा मी तोरा मिरवत होते, त्याच शिलाईने पोरीला आत धरून ठेवलं. दोन दिवस हुमा सलाईनवर होती. हे कानावर आलं तेव्हा आपलं चाक गंजून जावं असं मला वाटलं.

बरी झाल्यावर हुमाने दादीला पुस्तकातून वाचून दाखवलं. अंतराळात भोवती हवाच नाही, अंगाची ऊब वाहून नेणार कोण? उन्हात भाजायचं, सावलीत गोठायचं. म्हणून खरे अंतराळवीर आत बारीक नळ्या बसवलेले कपडे घालतात आणि त्या नळ्यांतून थंड पाणी फिरतं. चादरीखाली मी सगळं ऐकलं. आम्ही बुडबुडे मोजत बसलो आणि आतल्या जिवाला विसरलो.

आज हुमा असोद्याच्या मामाकडून केळीच्या बागेतली ठिबकची बारीक नळी घेऊन आली. तिने माझ्यावरची चादर ओढून काढली. "दादी, ही बनियनवर शिवून दे. पुढच्या वर्षी मीच उभी राहणार."

"नाव काढू नको. ही मेली मशीन पोरीच्या जिवावर उठली होती. भंगारात घालते तिला."

"घालून बघायला नको, असं मशीन म्हणाली होती का?"

अमिनाबीचं तोंड उतरलं. तिने हुमाच्या हातातली नळी घेतली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिने सुईत दोरा ओवला. पायडल हललं, तसं मीही खटखटत तिला ऐकवलंच:

"अमिनाबी, तुझा हात चुकला नाही, माझा टाका चुकला नाही. दोघींच्या घमेंडीने पोर मरता मरता वाचली, आणि ते तू माझ्या एकटीच्या माथी मारत होतीस. शिव आता. पण हा पोशाख आधी तू घालायचा. अंगणात, उन्हात, हुमाला पाण्याचा तांब्या देऊन शेजारी बसवायचं. तुझा जीव घाबरला की उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. पोरीच्या अंगाला त्याच्यानंतरच लावायचा."