रामची रिक्वेस्ट

माझ्या नातीचं, अनुपमाचं लग्न झालं ते साल २०२३. त्याच लग्नावरून आमच्या घरातले दोन भाऊ तुटले.

भावकीत पत्रिका द्यायची तर घरी जाऊन हातावर अक्षत ठेवावी लागते. आम्ही डोणगावला, माझा धाकटा दीर राम संग्रामपूरला. मे महिन्याचं ऊन, त्यात आमच्या यांच्या, म्हणजे महादेवरावांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा हरिओम म्हणाला, "काकाले फोनवरच टाकून देतो." टाकली. राम लग्नाला आला नाही. पुढे त्याने नंबर बदलला, आणि नवा नंबर आमच्यातल्या कोणी विचारला नाही.

दिवाळीत हरिओमने यांच्या फोनात गप्पांचं एक नवीन अॅप भरलं. त्यात आधी रिक्वेस्ट येते. आपण 'स्वीकारा' दाबलं तरच पुढचं बोलणं. यांना दिसत नसे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी अक्षरं शिकले ती साठीनंतर, अनुपमाच्या पाटीवर. हळू वाचते, पण वाचते.

बियाणंवाल्याची रिक्वेस्ट आली, ती स्वीकारली. मग काळा चष्मा लावलेल्या एका बाईची आली.

"कोण आहे वो हे?" यांनी विचारलं.

"मले काय विचारता? तुमची कोण लागते ते तुम्हीच सांगा."

"नाकार वो तिले!" म्हणाले आणि स्वतःच हसले.

तिच्याखाली रामचा फोटो होता. सोबत एवढंच लिहिलेलं: दादा, मी राम.

मी वाचलं तसं यांचं हसू गेलं.

"स्वीकारू?"

"नको."

"मंग नाकारू?"

"तेही नको. पत्रिका फोनवर चालली नाही त्याले, आता भाऊ फोनवर कसा चालते? दारात ये म्हणा."

"अहो, त्याले म्हणाचं तरी कसं? स्वीकारल्याबिगर बोलताच येत नाही."

"लटकू दे."

लटकत राहिली. फोन उघडला की रामचा चेहरा वर यायचा, खाली दोन बटणं. एकदा माझा अंगठा हिरव्या बटणाजवळ गेला तर यांनी फोन काढून घेतला. "माह्या भावाचं मी पाहीन," म्हणाले. पण दोन दिवस गेले की स्वतःच विचारायचे, "आहे का वो अजून? का काढून घेतली त्यानं?"

"आहे."

"हं."

जानेवारी लागला. तुरी घरात आल्या. एका दुपारी बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहू. तवरोक आला तर बरं, नाही तर दाबून दे तू."

"आत्ताच दाबू ना. काऊन थांबता?"

"लहान तो आहे का मी?"

संक्रांत त्यांना दिसली नाही. एका सकाळी चहा पुढे ठेवला, तो त्यांनी उचललाच नाही. छातीवर हात दाबला आणि कुशीवर कलंडले. डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं.

हरिओम नातेवाइकांना फोन करत होता. "आई, काकाचा नंबर कोणापाशीच नाही," म्हणाला. राम आल्याशिवाय उचलायचं कसं? सख्ख्या भावाचा खांदा नको का? मी यांच्या उशाखालून फोन काढला. रिक्वेस्ट होती. आता फोन काढून घेणारं कोणी नव्हतं. मी 'स्वीकारा' दाबलं.

क्षणभरात खाली अक्षरं उमटली.

"दादा! राग गेला काय तुहा? दोन महिन्यांपासून रोज पाहून राह्यलो. वहिनीले सांग, भाकरी टाक म्हणा. हा निघालोच मी."

मागे बाया रडत होत्या. मी दोनदा वाचलं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"भाऊजी, मी वहिनी. तुमचे दादा महादेवराव आज मंगळवारी, ९ जानेवारी २०२४ ला सकाळी वारले."