डावीकडचा अकरावा

अकरापर्यंत मोजायला असं कितीसं डोकं लागतं? लॉनी कुझावाची बायको घर सोडताना हेच म्हणाली होती, "दिवसभर अकरापर्यंत मोजतोस आणि घरी येऊन दमलो म्हणतोस!"

बाई कधी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडेच्या त्या रेषेवर उभी राहिली असती, म्हणजे कळलं असतं. लाथेने चेंडू दूर धाडायची वेळ आली की आतले बाहेर, बाहेरचे आत, अशी एकच पळापळ होते. त्या गोंधळात मैदानावर नेमके अकरा जण उभे राहायला हवेत. बारा झाले तर दंड. दहा राहिले तर त्याहून वाईट, कारण गड्यांच्या भिंतीला खिंडार पडतं आणि समोरचे दांडगे त्यातून थेट चेंडू मारणाऱ्याच्या छाताडावर येतात. किक पथकाचा कोच म्हणून लॉनीने एकवीस वर्षं बोट नाचवत डोकी मोजली होती. एकदाही चुकला नव्हता. या मोसमात मात्र दोनदा चुकला.

चुकला तरी कसा! दोन्ही वेळा त्याने आपल्या डोळ्यांनी अकरा मोजले होते. सोमवारी सकाळी सगळा संघ पडद्यासमोर बसला, आदल्या दिवशीच्या सामन्याचं चित्रण लागलं, आणि पडद्यावर दहाच. डाव्या टोकाची जागा रिकामी.

मुख्य कोच ग्रेडी थिगपेनने चित्रण थांबवलं. "लॉनी, तुला चष्मा लागलाय की खूळ? तिसऱ्यांदा असं झालं तर नोकरी गेली समज."

डाव्या टोकाचा गडी होता टाविटा फालेआफा, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेल्या घरातला, दारातून आडवं होऊन जावं लागेल एवढ्या छातीचा. लॉनीने त्याला बाहेरच्या बोळात गाठलं.

"गाढवा, होतास कुठे?"

"रेषेवरच होतो, कोच. निघालो आणि मोजलं तर आत अकरा भरलेले. मी गेलो असतो तर बारा झाले असते." टाविटाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "माझ्या जागेवर कुणीतरी होतं. पाठमोरं. डाव्या हाताची बोटं सारखी उघडमीट करत होतं."

 ती सवय एकाचीच होती, टाविटाच्या आधी त्या जागेवर खेळणाऱ्या रोस्को पेटवेची. आणि रोस्कोला ऑगस्टमध्येच पुरलं होतं.

रोस्को मोठा गुणी, पण उतावळा. चेंडू सुटायच्या आधीच जागा सोडायचा. म्हणून लॉनीने त्याला ऐन उन्हात एकट्याला सरावाला थांबवलं, अंगात सगळा जामानिमा घालून. "मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही," असं बजावलं. पोराने पाणी मागितलं. लॉनी म्हणाला, "आधी जागा, मग पाणी." त्याने पुन्हा मागितलं. तेवढ्यात लॉनीला फोन आला, तो सावलीत गेला आणि बोलण्यात रमला. परत आला तेव्हा रोस्को तिथेच उभा होता, बोटं उघडमीट करत. मग भिंत खचावी तसा खाली आला. संध्याकाळी इस्पितळात त्याने प्राण सोडला. चौकशीत लॉनीने सांगितलं की पोराने पाणी मागितलंच नव्हतं. कुणी उलटून विचारलं नाही.

त्या सोमवारी सगळे गेल्यावर लॉनीने दोन्ही सामन्यांचं चित्रण पुन्हा लावलं. रिकाम्या जागेकडे समोरचा अडीचशे पौंडांचा गडी सुसाट येतो, मोकळ्या हवेत आदळतो आणि उताणा पडतो. दोन्ही सामन्यांत हेच. डावीकडून एकही माणूस पार गेला नव्हता. त्यातल्या एका गड्याने सामन्यानंतर लॉनीला गाठून विचारलंही होतं, "तुमचा तो डावीकडचा कोण हो? अंग तव्यासारखं तापलं होतं त्याचं!" तेव्हा लॉनीला ती चेष्टा वाटली होती. 

डिसेंबरचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर मोसम संपला. मैदानामागच्या सरोवरावरून बर्फ आडवं येत होतं. शेवटचं मिनिट, चार गुणांची आघाडी, चेंडू आपल्याच गोलरेषेपाशी, आणि खेळ थांबवायची सवलत संपलेली. थिगपेन ओरडला, "किक पथक!"

सगळे धावले. टाविटा रेषेवर येऊन थबकला.

"कोच," तो म्हणाला, "अकरा."

लॉनीने बोट उचललं. नऊ, दहा. आणि डाव्या टोकाला, पाठमोरा, अकरावा. बाकीच्यांच्या खांद्यांवर बर्फ साचलं होतं, त्याचे खांदे कोरडे होते. बोटं उघडत होती, मिटत होती.

खरं सांगायचं तर लॉनीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की राहू दे त्याला. त्या बाजूने मुंगीही आत यायची नाही. सामना आपला, नोकरी आपली. नुसतं गप्प बसायचं. त्या पोराला पुन्हा उभं ठेवायचं, बस्स.

तेवढ्यात अकराव्याने मान जराशी रेषेकडे वळवली. ओठ फुटलेले होते. परवानगी मागावी तसं तो बघत होता.

"रोस्को!" लॉनी किंचाळला. "पुरे झालं, बाळा! सोड जागा! मी सांगतोय ना, ये बाहेर!"

ते खांदे सैल पडले. लॉनीच्या गालाजवळून ऊन वाऱ्याची एक झुळूक गेली. त्याने टाविटाच्या पाठीत धक्का दिला. "पळ!"

टाविटा पोचला, पण पाय रोवायला उसंत मिळाली नाही. चेंडू सुटला, डावीकडून एक धटिंगण त्याला लोटून आत घुसला, उडालेला चेंडू त्या धटिंगणाच्या पंजावर आपटला आणि त्याच्या जोडीदाराने तो गोलरेषेपलीकडे दाबला. सहा गुण त्यांना, सामना गेला. 

लॉनीने तिकडे पाहिलंच नाही. तो खेळाडूंच्या बाकाकडे बघत होता. बर्फाने पांढऱ्या झालेल्या बाकाच्या टोकाला एका माणसाएवढी जागा उघडी पडली होती आणि ओल्या लाकडातून वाफ निघत होती. त्याने पाण्याचे दोन पेले भरले आणि तिथे ठेवले.

"पी, बाळा. सावकाश पी. दोनदा मागितलं होतंस तू."

थिगपेन शिव्या देत आला होता, तो जागीच थांबला. "काय म्हणालास?"

"रोस्कोने दोनदा पाणी मागितलं होतं, ग्रेडी. मी दिलं नाही, आणि वर खोटं बोललो. उद्या त्याच्या आईकडे जातो. तिला माझ्या तोंडून कळू दे."

थिगपेन टोपी काढून तसाच उभा राहिला.

टाविटा रडत रडत बाहेर आला. "चुकलो, कोच. या वेळी जागा रिकामी होती, मलाच उशीर झाला. पुढच्या वेळी वेळेवर पोचेन."

"पोचशील," लॉनी म्हणाला आणि त्याच्या हेल्मेटवर थाप मारली. आपल्याला आता पुढची वेळ नाही, हे त्याने सांगितलं नाही.

बाकाच्या टोकावर पुन्हा बर्फ साचायला लागलं होतं. लॉनीने पेले उचलले. दोन्ही कोरडे होते.