नऊ तासांचं माप

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ना, ती. मित्रांनो, मी जन्माची भित्री. सारं आयुष्य कात्रीच्या शेजारी काढलं, पण तिचा आवाज आला की माझ्या कडा अजूनही आकसतात. तरी सगळ्यात जास्त मी भ्याले ती कात्रीला नव्हे, एका न वाजणाऱ्या फोनला.

माझ्यावरच मालकांची मुलगी आकडे शिकली. म्हणून नवी टेप आल्यावरही त्यांनी मला फेकलं नाही, मशीनमागच्या खिळ्याला लटकवलं. मालकांचा एक हट्ट होता. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर ते कापड कापत नसत. गिऱ्हाईक घरून माप लिहून घेऊन आलं तरी म्हणायचे, "असू दे. उभे राहा, मी घेतो."

मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरी निघाली तेव्हाही तेच. ती सांगू लागली, "बाबा, ऐका ना, मध्ये एका ठिकाणी..."

"थांब, मी मोजतो."

कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी जगाचा नकाशा अंथरला आणि मला या शहरापासून त्या शहरापर्यंत सरळ ताणलं. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढलं, त्याला विमानाच्या वेगाने भागलं. "नऊ तास. मिनिटभरही जास्त नाही!" मला केवढा अभिमान वाटला! किती दिवसांनी कुणीतरी माझ्यावर भरवसा ठेवला होता.

सकाळी विमान उडालं. संध्याकाळी नऊ तास भरले. फोन नाही. आणखी एक तास गेला. मालकांनी मला पुन्हा नकाशावर ठेवलं. माप तेच. मी निळ्या समुद्रावर आडवी पडले होते, आणि आपल्याखाली नुसतं पाणी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझी पाचावर धारण बसली.

"अहो, काहीतरी बोला ना," मालकीणबाई म्हणाल्या.

मालकांचा घामेजलेला अंगठा माझ्या त्याच आकड्यावर घासत राहिला.

फोन वाजला तेव्हा दोघंही जागची हलेनात. शेवटी बाईंनीच उचलला.

"आई, मधल्या विमानतळावर आहे, फोन आत्ता कुठं लागला. दुसरं विमान पहाटे आहे. बाबांना सांगत होते की मी!"

बाई रडतारडताच मालकांवर डाफरल्या, "लोकांच्या कपड्यात बोटभर कापड जादा सोडता. पोरीच्या वाटेत तेवढंही सोडवलं नाही?"

मालकांनी फोन कानाला लावला. "जेवलीस का?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस दूर जाल. वाटेत जिथे उतराल तिथूनही घरी फोन करा. आणि जाणारा आपली वाट सांगत असेल, तर आधी त्याचं ऐका.

माझा तो आकडा पार पुसला गेलाय. पहाटे दुसरं विमान उडालं, तेव्हा मालकांनी मला पुन्हा हातात घेतलं. मोजायला नाही. नुसतं धरून बसायला.