रेडिओने वाचलेला भाग

रेडिओने साप्ताहिकाचं पान उलटलं, तसे टेबलाभोवतीचे हात आपोआप मंदावले. शिवून आलेल्या सदऱ्यांचे लोंबते धागे कापायचं त्यांचं काम. एकीने गोष्ट वाचायची आणि तिच्या वाटणीचे सदरे बाकीच्यांनी उरकायचे, असा इथला रिवाज. हिचा आवाज खणखणीत, म्हणून वाचायची पाळी कायम हिचीच, आणि नावही रेडिओच पडलेलं.

"थांब, आधी मला सांग," कात्री म्हणाली. हातातल्या कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चाले. "आज तरी ती बया घर सोडते का? की पुन्हा त्याने डोळ्यांत पाणी आणलं आणि ही विरघळली?"

"गेल्या खेपेला तर पाय धरले त्याने," दुसरीने आठवण दिली.

"त्याआधी छातीत दुखत होतं! मेल्याला मरण काही येत नाही, नुसतं दुखतं." टेबलाभोवती हसू पिकलं. "असल्या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटतं बघ. आपली रेडिओ बघा. भावाकडे निघून आली ती आली, मागे वळून बघितलं नाही. हिच्यावर लिहा म्हणावं गोष्ट."

रेडिओ घोटभर पाणी प्यायली. आज सकाळीच नवरा भावाच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. ती 'बरं' म्हणून गेली. नाही म्हणायचं तर पुढे बोलावं लागतं, आणि तेवढं त्राण अंगात नव्हतं. इथे मात्र हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

ती वाचू लागली. नायिकेने कपाट आवरलं, किल्ली शेजारणीच्या हातात ठेवली, बॅग उचलून ती बसस्टॉपवर आली. पुढचा मजकूर रेडिओने आधी नुसता डोळ्यांनी वाचला. बस आली. नायिका चढली. बस सुटली.

"वाच की गं! घसा बसला का?"

"बस आली," रेडिओ म्हणाली. तिचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. "बस आली, आणि तिने ती जाऊ दिली. मग ती घरी परत गेली."

कात्रीने हातातला सदरा आपटला. "गेली! सांगितलं नव्हतं मी? पाठीला कणाच नाही हिच्या."

"सवय लागते एकेकीला."

"अगं, लेखकाला पानं भरायचीत, दुसरं काय."

टेबलावरची सगळ्यांत वडील बाई म्हणजे काकू. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "का परतली गं? काही लिहिलंय का?"

रेडिओला इथे थांबता आलं असतं.

"लिहिलंय," ती म्हणाली आणि पानाकडे बघत राहिली. "मागच्या वेळी जिथे राहायला गेली होती, तिथे ती सगळ्यांच्या आधी उठायची. अंथरूण गुंडाळून पलंगाखाली सारायची. रात्री आपण तिथे नव्हतोच, असं दिसावं म्हणून. कुणी चहाला हाक मारली तर आत्ता नको म्हणायची. कुणी तिला वावगं बोललं नव्हतं. पण... पण दिवसभर अंग चोरून दमायला होतं. तिला वाटलं, दमायचंच आहे तर आपल्या घरात दमू."

कात्रीचे हात थांबले होते. "असं लिहिलंय?"

"हो."

"बरा लिहितो हो मेला," ती म्हणाली, आणि आपटलेला सदरा तिने पुन्हा पुढ्यात ओढला.

सुटी झाल्यावर काकूने चित्रं बघायला साप्ताहिक उचललं. गोष्टीच्या शेवटी पानभर चित्र होतं. धावती बस, खिडकीत नायिका, वाऱ्याने उडालेले केस, आणि मागे इवलासा झालेला स्टॉप. काकूने ते बराच वेळ न्याहाळलं. एकदा रेडिओकडे बघितलं. मग पान मिटलं.

"द्या इकडे," कात्रीने हात पुढे केला. "मुलीला वाचून दाखवते."

"आज मी नेते."

"तुम्हाला कुठे वाचता येतं, काकू?"

"चित्रं बघेन. तुझ्या बापाचं काय जातं?"

साप्ताहिक काकूच्या पिशवीत तळाला गेलं.

फाटकाबाहेर नवरा स्कूटर चालू ठेवूनच थांबला होता. काकू रेडिओच्या बरोबरीने चालत आली. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

"पोरी, माझं घर माझ्या एकटीचं आहे," ती हळूच म्हणाली. "कधी उठलीस, कधी निजलीस, विचारायला कुणी नाही. आज म्हणत नाही मी. कधीही."

हॉर्न वाजला. रेडिओ दोन पावलं त्या बाजूला गेली आणि थांबली.

"काकू, तुमच्याकडे यायला कुठून वळायचं?"

पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, असं काकू सांगू लागली. हॉर्न पुन्हा वाजला. तेव्हा काकूने परत टाकीपासून सुरुवात केली, अगदी सावकाश.