पुडीने बरा झालेला रिपोर्ट

हॉलमध्ये दीडशे गळे जमले होते. गळ्यांचे मालकही सोबत आले होते, पण गळेबाबांना त्यांच्यात विशेष रस नव्हता.

"थायरॉईड म्हणजे काय?" बाबांनी माईकवरून विचारलं. "घशात अडकलेला अपमान! गोळीनं अपमान विरघळतो का?"

"नाही!" दीडशे गळे एकदम म्हणाले.

मग एकेक जण उठून रिपोर्ट फडकवू लागला. बारावरून एक. वीसवरून दीड. टाळ्या. हे आकडे टीएसएचचे. थायरॉईड मंदावलं की तो चढतो. बाबांची राखाडी पुडी घेतली की तो उतरत होता, आणि तोही चांगल्या लॅबमध्ये. मी संशयी माणूस, पण छापील आकड्याला मीही टाळी वाजवली.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या रांगेत बसली होती. बाकीचे रिपोर्टनं वारा घेत होते; ती पंख्याखाली स्वेटर घालून होती.

तिचे दोन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेले. दोनच. आठ वर्षं आणि असंख्य इंजेक्शनांची ती कमाई. टीएसएच अडीचच्या आत आला की एक गर्भ गर्भाशयात सोडू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. रोजच्या गोळीनं आकडा नऊवरून चारवर आला, तेवढ्यात तिच्या सासूबाईंना बाबा भेटले. गोळी बंद, पुडी सुरू. डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. सहा आठवड्यांत आकडा ०.८. सोमवारची तारीख मिळाली.

"बघा," सासूबाई मला म्हणाल्या, "तुमचं सायन्स चारवर अडकलं होतं."

"पण ही जेवता जेवता डुलक्या काढते."

"मनाला शांतता आलीय तिच्या."

शनिवारी शेवटचं रक्त द्यायला मी बहिणीबरोबर गेलो. सुई टोचण्याआधी लॅबवाल्या बाईंनी विचारलं, "सकाळपासून काय घेतलंय?"

"काही नाही. फक्त बाबांची पुडी. रक्त द्यायच्या दिवशी दोन घ्यायच्या असतात."

बाईंनी सुई खाली ठेवली. "पुडी घेणाऱ्या तुम्ही सातव्या. मशीन म्हणतं थायरॉईड घोड्यासारखं धावतंय, आणि बायका याच खुर्चीत थायरॉईड मंदावल्यासारख्या पेंगतायत!"

मग त्यांनी समजावलं. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. त्यांचं मशीन टीएसएच पकडायला तेच डिंकासारखं वापरतं. रक्तात ते आधीच भरमसाट असेल, तर मशीनची पकड सुटते आणि आकडा खोटाच उतरतो.

"पुडीत तेच असावं. पण खात्री करायला एखादं ठणठणीत थायरॉईड हवं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी आधी रक्त दिलं, मग बहिणीजवळच्या तीन पुड्या गिळल्या, दोन तासांनी पुन्हा रक्त दिलं. माझ्या टकलावर काही परिणाम झाला नाही, रिपोर्टवर झाला. टीएसएच दोनवरून ०.२. आकडा एवढा उतरला म्हणजे थायरॉईड फार धावतंय, माणसाचं काळीज धडधडायला हवं. मी बाकावर घोरत होतो.

बहिणीनं सोमवारची तारीख रद्द केली आणि तीन दिवस पुडी सोडली. मंगळवारी खरा आकडा आला. सोळा.

पुढच्या सभेत लॅबवाल्या बाई उठल्या. "बाबा, तीन दिवस पुडी थांबवून सगळ्यांचं रक्त तपासू या?"

"शक्ती खंडित होते!"

"शक्तीचं मला माहीत नाही. आकडा जागेवर येतो." आणि त्यांनी आम्हा भावंडांचे चारही रिपोर्ट वाचून दाखवले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पुड्या वाटणाऱ्या शिष्याची पिशवी सतरंजीवर पालथी केली. केसांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. बाबांनी माईक बिघडल्याची खूण केली. माईक चांगला होता.

बाबांनी रोगी एकही बरा केला नव्हता. रिपोर्ट मात्र सगळे बरे केले होते. आकडा कागदावर असतो, थंडी अंगात वाजते. दोघांचं जमत नसेल तर विचारा. थायरॉईडची गोळी मनानं सोडू नका, आणि पोटात काय काय गेलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका.

बहिणीची गोळी पुन्हा सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी ती द्यायचं काम सासूबाईंनी घेतलं; तासभर चहाच्या कपाला हात लावू देत नसत. तीन महिन्यांनी आकडा दोनवर आला, स्वेटर कपाटात गेला, एक गर्भ सोडला.

दोन आठवड्यांनी बहीण रक्ताचा कागद घेऊन दारात उभी राहिली. "आई, दिवस राहिलेत!"

सासूबाईंनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसत विचारलं, "रक्त द्यायच्या आधी काय खाल्लं होतंस?"