गाईडच्या दारी सात टोप्या

मृणालीने आजोबांना फोनवर नुसतं एवढंच सांगितलं होतं, "नाना, मी पीएचडी सोडते आहे. सर माझं लिहिलेलं वाचतच नाहीत." आता अभिमन नानांना संशोधन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण सोडणं म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. पोर सासर सोडते म्हणाली की चार माणसं जातात, बैठक बसते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि मग नांदायचं की फारकत ते ठरतं. त्याशिवाय सोडणं म्हणजे पळून येणं झालं.

म्हणून रविवारी सकाळी साक्रीकडची एक क्रूझर जळगावात तिच्या गाईडच्या, हितेंद्र सरांच्या घरासमोर येऊन उभी राहिली. आतून सात टोप्या उतरल्या आणि भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं. चार माणसांची सात झाली, कारण गाडीत जागा होती.

गाडी निघाल्याचं कळताच धावत आलेली मृणाली फाटकाजवळच उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, हे कॉलेजचं काम आहे. हे असं नसतं."

"कसं ऱ्हास मंग?" मग कसं असतं, असं विचारून नाना आत गेलेसुद्धा.

सर बनियनवर पेपर वाचत होते. मंडळी सोफ्यावर, खुर्च्यांवर आणि उरलेली दिवाणावर ऐसपैस बसली. सरांच्या आई धुरपदाबाई पाणी घेऊन आल्या. त्यांचं माहेर शिरपूरकडचं. पाच मिनिटांत नानांनी त्यांच्याशी नातं लावलं, आणि सातव्या मिनिटाला मृणाली त्यांची नात झाली. सरांचा निकाल तिथेच लागला होता, बिचाऱ्यांना कळलं नाही एवढंच.

"आमनी पोर चार वरीस पाईन तुमनाकडे शे," नानांनी सुरुवात केली. "तिनी काय चूक शे ते बठ्ठा लोकेससमोर सांगा."

"चूक? छे हो," सर म्हणाले. "फार गुणी मुलगी. कामाला वाघ."

वाघ तर होतीच. सरांच्या मुलाचा शाळेतला ज्वालामुखी तिने बनवला होता, स्कूटर सर्व्हिसिंगला तिने नेली होती, सरांची भाषणं तीच लिहायची. फक्त तिचा स्वतःचा तिसरा चॅप्टर चौदा महिने सरांकडे पडून होता, आणि विचारलं की सर म्हणायचे, "बघतोय."

"मंग वाचतस का नही?" नानांनी विचारलं.

"वेळच मिळत नाही हो, नाना."

"वेळ?" धुरपदाबाई मध्येच म्हणाल्या. "मंग दुपारी दोन ते पाच घोरस कोन?" त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि लोणच्याच्या बरणीखालून चॅप्टर काढून घेऊन आल्या. पहिल्या पानावर तेलाचा हा एवढा गोल डाग होता.

त्या चॅप्टरसाठी मृणालीने दोन वर्षं तालुक्यातले आठवडे बाजार पालथे घातले होते. "बरणीखाली रद्दीही चालली असती, सर," ती म्हणाली. "मी खरंच सोडते."

सर हळूच म्हणाले, "भीती वाटते. वाचलं की चुका काढाव्या लागतात. हिच्या पहिल्या दोन चॅप्टरांत एकही सापडली नाही. मग गाईडने करायचं तरी काय?"

सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. असली अडचण त्यांच्या कुठल्याच बैठकीत आली नव्हती. "वाचा आमनासमोर," शेवटी नाना म्हणाले. "चुका आम्ही काढसूत."

सर वाचू लागले. दोन पानं सगळे कौतुकाने माना डोलवत होते. तिसऱ्या पानावर असं आलं की आठवडे बाजारात आलेला पुरुष खरेदीला सरासरी वीस मिनिटं देतो आणि चहाच्या टपरीवर दोन तास दहा मिनिटं बसतो.

"बठ्ठं खोटं शे," नाना उठलेच. "आम्ही तठे भाव काढतस."

"बसा, नाना." सरांचा आवाजच बदलला. "तक्ता सात बघा. एकशे चार बाजार उभ्याने मोजलेत पोरीने, घड्याळ लावून. भाव काढायला अकरा मिनिटं लागतात, तेही तळटिपेत आहे. तुमच्याकडे वेगळे आकडे असतील तर दाखवा, नाहीतर माझ्या विद्यार्थिनीला खोटं म्हणायचं नाही."

माझ्या विद्यार्थिनीला. आजवर सर तिची ओळख "ही मृणाली, स्कूटर हिनेच आणली" अशी करून द्यायचे. तिला इतका आनंद झाला की स्वतःचाच रागही आला, एवढ्याशावर काय विरघळायचं म्हणून.

वाद अर्धा तास रंगला. एका बाजूला सात टोप्या, दुसऱ्या बाजूला बनियनवर एकटे सर. सर पान उलटत होते, मंडळी शेंगा फोडत होती, आणि मागे कोणीच हटत नव्हतं. अखेर नानांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि ते नातीकडे वळले.

"बोल माय. नांदशी का फारकत?"

सरांचा हात पानावर तसाच राहिला. मृणालीने खुर्ची ओढली आणि सरांच्या बाजूला जाऊन बसली.

"थांबा, नाना," ती म्हणाली. "आधी तक्ता आठ होऊ द्या. त्यात तुम्हीच आहात."