दुसरा ब्रेक

माझे सासरे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, घरातल्या बायकांपैकी मात्र एकीलाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. क्लास बंद झाला, पाटी उतरली, पण शिकवणीची गाडी त्यांनी ठेवली, आणि शेजारच्या सीटपुढचा तो दुसरा ब्रेकही तसाच ठेवला. आजही गाडी कुणीही चालवो, मास्तर शेजारी बसतात आणि पाय त्या ब्रेकवर.

त्या दिवशी नवरा चालवत होता. म्हणजे स्टिअरिंग धरून बसला होता. मागे मी आणि सासूबाई. सकाळीच माझ्या भावाचा फोन आला होता. आईला दुपारी ऑपरेशनसाठी आत नेणार, डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही, ती सारखी तुझं नाव घेतेय, त्याआधी ये. बाकी मला काही नको होतं. तिने एकदा मला बघावं, बस्स.

आणि मास्तर ब्रेक दाबत होते. ट्रक दिसला, ब्रेक. वळण आलं, ब्रेक. रस्त्याकडेच्या कुत्र्याने नुसती मान वळवली, तरी ब्रेक. तासाभरात टायरची हवा बघायला थांबलो. मग चहाला थांबलो, कारण ड्रायव्हरला चहा लागतो. ड्रायव्हरला नको होता, मास्तरांना हवा होता.

"बाबा, दुपारच्या आत पोचायचंय," मी म्हटलं.

"पोचू की. सुखरूप पोचू. या गाडीला आजवर एक ओरखडा नाही."

"ओरखडा पडायला गाडी चालावी लागते."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे डोळे वटारले. बापाकडे वटारायची कधी हिंमत झाली नाही, तेवढी भरपाई तो आरशात करतो. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढे पेट्रोल पंपावर मास्तरांनी इंजिन गार करायला बॉनेट उघडलं. तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरला आरसे कसे लावावेत ते शिकवू लागले. नवरा शेजारी पाण्याची बाटली धरून उभा. तेवढ्यात फोन वाजला. "कुठे आहात? तयारी सुरू केली त्यांनी," भाऊ म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उतरले, पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किल्ली गाडीलाच होती.

"बाबा, बॉनेट लावा. नाहीतर उघडं ठेवून नेईन."

"हिला गाडी येते?" मास्तरांनी मुलाला विचारलं. मुलगा बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"येते," मीच सांगितलं. "लायसन्सही आहे. तुमची गिऱ्हाइकं ज्याने पळवली ना, त्याच्याच क्लासला शिकले."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. धाडकन बॉनेट आपटून ते शेजारच्या दाराशी आले, तर तिथे सासूबाई बसलेल्या.

"मागे हो," ते म्हणाले.

"मागे मळमळतं मला."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासूबाईंना गाडीत मळमळलेलं मी कधी पाहिलं नाही. बापलेक मुकाट्याने मागे बसले आणि मी गाडी काढली.

मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. गिअर चुकला, क्लच जळेल, समोर बघ, जीव घेशील सगळ्यांचा! मी एका ट्रकला मागे टाकू लागले तसे मास्तर पुढे झुकून बायकोवर ओरडले, "अगं, ब्रेक! तुझ्या पायाशी आहे, दाब! ऐकू येत नाही का?"

सासूबाईंनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

"माझ्या आईच्या वेळीही आपण सुखरूपच पोचलो होतो," त्या म्हणाल्या. "तिला स्मशानात नेल्यावर." मग माझ्याकडे न बघता, "तू चालव गं."

मास्तर मागे सीटला टेकून बसले. मी चालवत राहिले.

दवाखान्यात आईचा स्ट्रेचर लिफ्टपाशी उभा होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. "आलीस?" ती म्हणाली. "आले." एवढंच झालं, आणि लिफ्टचं दार लागलं.

भावाने डबा आणि चादर आणायला सांगितलं, म्हणून मी खाली आले. मास्तर कंबरेत वाकून गाडीभोवती फिरत होते, ओरखडा शोधत. नवरा त्यांच्यामागे.

सासूबाई अजून पुढच्या सीटवरच होत्या.

"भेटली?"

"भेटली. तुम्ही उतरला नाहीत?"

"हात दे जरा," त्या म्हणाल्या. "त्या ट्रकला मागे टाकल्यापासून पाय खाली सोडलेले नाहीत. मुंग्या आल्यात."